मुंगीचा लाल रकाना

ताई ज्या ऑफिसात कामाला होती, तिथे एक प्रोग्रामिंगची भाषा घडवली जायची. आपली बोलायची भाषा चारचौघांच्या तोंडी आपोआप घडते. ही मात्र माणसं पगार घेऊन घडवतात. रोज काही ना काही बदलतं, आणि नवं घालताना जुनं मोडलं नाही ना हे बघायला हजारो छोट्या छोट्या टेस्ट चालवाव्या लागतात, त्याही निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टमवर. निकाल ऑफिसातल्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसायचा. प्रत्येक सिस्टमला एक रकाना. टेस्ट पास झाली की हिरवा चौकोन, नापास झाली की लाल.

सगळे रकाने कसे नुकत्याच पाणी घातलेल्या हिरवळीसारखे. फक्त अगदी उजवीकडचा रकाना गोवर उठल्यासारखा दिसायचा. त्याच्या डोक्यावर नाव होतं ‘मुंगी’.

मुंगी नावाची ऑपरेटिंग सिस्टम जगात किती लोक वापरतात, असं तिच्या कर्त्याला विचारलं तर तो म्हणे, “वाढतायत.” हा कर्ता म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. “मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते,” तो अभिमानाने सांगायचा. त्यावर त्याची बायको म्हणायची, “हो ना, आणि उचललेलं कुणाच्या लक्षातही येत नाही.” घरात त्याला सगळे ‘सरकार’ म्हणायचे. लहानपणी तो गणिताची वही मिटून “आज अभ्यास होणार नाही” असं काही नुसतं सांगायचा नाही, तर जाहीर करायचा, तेव्हापासूनचं हे नाव. आता दाढी पांढरी झाली होती, पण जाहीर करण्याची सवय गेली नव्हती.

एका सोमवारच्या मीटिंगमध्ये ऑफिसचे प्रमुख चष्मा पुसत म्हणाले, “नवी आवृत्ती काढायच्या आधी या लाल रकान्याचं काहीतरी करायला हवं. एकतर हिरवा करू, नाहीतर मुंगीला दिलेला पाठिंबाच काढून घेऊ, म्हणजे नवी आवृत्ती तिच्यावर चालवायची जबाबदारी आपली नाही. लोक विचारतात हो, हे काय म्हणून.”

“काढूनच टाकू या,” कोणीतरी म्हणालं. “एक ओळ खोडायची, झालं.”

मग सगळ्यांनी एकदम ताईकडे बघितलं. ऑफिसातही तिला सगळे ताईच म्हणत, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले प्रमुखसुद्धा.

“माझ्याकडे काय बघता?” ती म्हणाली. “भाऊ माझा आहे. सिस्टम त्याची आहे.”

“तेच ना,” प्रमुख म्हणाले. “दुसऱ्या कोणी काढलं तर तो आमच्यावर चिडेल. तुम्ही काढलंत तर घरातली गोष्ट घरात राहील.”

खरं सांगायचं तर ताईच्या मनातही काढून टाकायचंच होतं. वर्षानुवर्षं तो रकाना बघून तिला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं, जणू भावाचं प्रगतिपुस्तकच कोणीतरी भिंतीवर चिकटवलं होतं. पण न विचारता काढणं बरं दिसत नाही, म्हणून तिने फोन लावला.

“अरे, तुझ्या मुंगीवर आमच्या चाळीसेक टेस्ट नापास होतात.”

“मग टेस्ट दुरुस्त करा,” सरकार म्हणाला.

“बाकी सगळ्या सिस्टमवर पास होतात त्या.”

“बाकी सगळ्या सिस्टम तुमच्या चुका पोटात घालतात. माझी घालत नाही. नाचता येईना अंगण वाकडं!”

“आमची भाषा दहा अंगणांत नाचते रे,” ताई म्हणाली. “तुझ्याच अंगणात तोंडावर पडते. बघ बाबा, नाहीतर आम्ही नाचायचंच बंद करतो.”

“अगं, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तुमच्या भाषेवर चालतो,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई म्हणजे त्याची बायको. ती दातांची डॉक्टर. राहत्या घराच्या पुढच्या खोल्यांत तिचा दवाखाना होता. पेशंटच्या वेळा, क्ष-किरणांचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं सरकारने लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचं. प्रोग्राम ताईच्या भाषेत आणि खाली मुंगी. पाठिंबा गेला की तो सगळा संसार जुन्या आवृत्तीवर अडकून पडणार होता.

“मग मी शनिवारी येते,” ताई म्हणाली. “तिथेच बसून बघू.”

“या. पण मोकळ्या मनाने या,” सरकारने जाहीर केलं.

शनिवारी सकाळी ताई पोचली तेव्हा दवाखान्यात दोन पेशंट गाल धरून बसले होते. आतून ड्रिलचा आवाज येत होता. ऑफिसच्या टेस्ट ज्यावर चालायच्या ते मुंगीचं मशीन दवाखान्यामागच्या सामानाच्या खोलीत, कापसाच्या आणि हातमोज्यांच्या खोक्यांमध्ये ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी प्लास्टरचे दातांचे साचे ओळीने मांडलेले. ताई खुर्चीवर बसली आणि पन्नास तोंडं तिच्याकडे बघून एकदम हसली.

आई दारात येऊन उभी राहिली. ती सरकारकडेच राहायची. “काय गं, नापास झालाय म्हणे हा?”

“मी नाही, टेस्ट नापास झाल्यात,” सरकार म्हणाला.

“शाळेतही असंच म्हणायचास,” असं म्हणून आई चहा ठेवायला गेली.

ताईने नापास टेस्टची यादी काढली आणि वरून सुरुवात केली. पहिली टेस्ट साधी होती. एक फाइल तयार करायची, ती कुणालाही वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करायची आणि मग वाचायचा प्रयत्न करायचा. सिस्टमने ‘परवानगी नाही’ म्हटलं की टेस्ट पास. मुंगीने मात्र फाइल सरळ उघडून हातात दिली होती.

“हे बघ,” ताई म्हणाली, “कुलूप लावलंय तरी उघडते. तुझ्या सिस्टमला दरवाजेच नाहीत.”

“शक्यच नाही.” सरकारने खुर्ची पुढे ओढली. ताईने एक आज्ञा टाईप केली, टेस्ट कोणाच्या नावाने चालतात हे विचारणारी. उत्तर आलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

“अरे, तू सगळं मालकाच्या खात्यातून चालवतोस?”

“मग कोणाच्या चालवू? मीच तर मालक आहे.”

“अरे शहाण्या, मालकाला कुठलंच कुलूप अडवत नाही! या टेस्ट साध्या माणसासाठी आहेत. ज्याला कोणीतरी ‘नाही’ म्हणू शकतं अशासाठी.”

“मला या घरात सगळेच ‘नाही’ म्हणतात,” सरकार पुटपुटला.

“मग एवढं मशीनच कसं सुटलं?” तेवढ्यात मागून डॉक्टरीणबाईचा आवाज आला. ती हातमोज्यांचं खोकं न्यायला आली होती. “ताई, तुम्ही त्यांच्याकडून एक साधं खातं उघडून घ्याच. साधा माणूस म्हणून जगायची सवय होईल.”

सरकारने तोंड वाकडं करत खातं उघडलं. नाव काय द्यायचं यावर जरा खल झाला. शेवटी त्याने ‘पाहुणा’ असं लिहिलं, कारण आपल्या राज्यात प्रजेपेक्षा पाहुणा बरा, असं त्याचं म्हणणं पडलं. पाहुण्याच्या नावाने टेस्ट पुन्हा चालवल्या आणि चाळीसेकातल्या बहुतेक सगळ्या एका फटक्यात हिरव्या झाल्या.

ताईने फक्त भावाकडे बघितलं. लहानपणी तो पडल्यावर बघायची तसं.

“बघू नकोस,” तो म्हणाला. “अजून उरल्यात की. त्या तुमच्या असतील.”

आणि त्यातल्या काही खरंच होत्या. एका टेस्टमध्ये फोल्डरमधल्या फाइलींची नावं विचारली होती आणि ती अनुक्रमाने यावीत अशी अपेक्षा धरली होती. मुंगी नावं जशी हाताला लागतील तशी देत होती.

“असं कुठल्या नियमात लिहिलंय की ओळीने द्यायची?” सरकारचा आवाज चढला. “दाखव मला! नावं मागितलीत, नावं दिली. हजेरी घ्यायची असेल तर तुमची तुम्ही रांग लावा.”

ताईने नियम काढून बघितला. दोनदा बघितला. “नाही लिहिलेलं,” ती म्हणाली.

“काय म्हणालीस? ड्रिलमुळे ऐकू आलं नाही.”

“टेस्ट चुकीची आहे म्हणाले. बाकीच्या सिस्टमवर नावं योगायोगाने ओळीत येत होती.”

“आई!” सरकारने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. “ताई म्हणते तिची चूक आहे!”

“बरं झालं!” आतून आई म्हणाली. कोणाचं बरं झालं ते तिने सांगितलं नाही.

ताईने टेस्टमध्ये आधी नावांची रांग लावून मग ती ताडून बघायची अशी दुरुस्ती केली. त्या जातीच्या बाकीच्याही टेस्ट पास झाल्या. आता शेवटची एकच उरली. जेवणं झाली, आई वामकुक्षीला गेली, दवाखाना दुपारपुरता बंद झाला आणि खोलीत दोघं बहीण-भाऊ आणि ते हसरे दात एवढेच राहिले.

ही शेवटची मोठी खट्याळ निघाली. एकटी चालवली की पास. बाकीच्यांबरोबर चालवली की कधी पास, कधी नापास.

“तुझ्यावर गेलीय,” ताई म्हणाली. “एकटी असली की शहाणी, चारचौघांत आली की बिघडते.”

टेस्टचं म्हणणं फार नव्हतं. सिस्टमला सांगायचं, सेकंदाचा दहावा भाग थांब आणि मग मला उठव. उठल्यावर घड्याळ बघायचं. उशीर झाला तर चालेल, पण लवकर उठवलेलं चालणार नाही. मुंगी अधूनमधून लवकर उठवत होती. किती लवकर? डोळ्याची पापणीही लवणार नाही इतक्या.

“एवढ्याशा वेळासाठी सख्खी बहीण भावाला घराबाहेर काढणार?” सरकार म्हणाला. “माझं घड्याळ चुकत नाही. तुम्हीच उठल्यावर नीट बघत नाही.”

मग वादावादी झाली. ताईने भाषेचा कोड उघडून दाखवला, त्याने मुंगीचा. तिने उठायच्या क्षणाची वेळ छापून घेतली, त्याने झोपायच्या क्षणाची. आकड्यांच्या दोन रांगा समोरासमोर ठेवल्या, तेव्हा ताईला जरा संशय आला.

“तुझी सिस्टम वेळ कशी मोजते रे? सलग?”

“टोल्यांनी. ठरावीक अंतराने एक टोला पडतो. तू थांब म्हणालीस की मी किती टोले ते मोजतो.”

“आणि मी दोन टोल्यांच्या मधेच झोपले तर?”

सरकार आकड्यांच्या रांगेवरून बोट फिरवत टोले मोजायला लागला.

“म्हणजे बघ,” ताई म्हणाली, “शाळेत घंटा वाजायच्या थोडंच आधी बाईंनी तुला सांगितलं, एक तास कोपऱ्यात उभा राहा. तू म्हणालास, घंटा झाली की तास झाला. लगेच घंटा वाजली आणि तू पळालास.”

“मी असं करायचोच,” तो म्हणाला. मग सावकाश म्हणाला, “एकटी टेस्ट चालते तेव्हा ती टोल्याबरोबरच उठलेली असते, म्हणून पुरता वेळ झोपते. गर्दीत कधीही झोपते, म्हणून अर्धामुर्धा टोला कमी पडतो. एक टोला जास्त मोजायला हवा.”

“मग मोजत का नाहीस?”

“आधी मोजायचो.” त्याने दाढी खाजवली. “कोणीतरी लिहिलं होतं, मुंगी जरा मंद वाटते. मला लागलं ते. म्हणून तो वरचा एक काढून टाकला. एकदम चपळ वाटायला लागली.”

ताई हसली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती फक्त म्हणाली, “आता परत घाल.”

“असं कसं घालणार? इतकी वर्षं लोक वापरतायत. कोणाचं काही मोडलं तर? त्यांना विचारायला हवं.”

त्याने मुंगीच्या सगळ्या वापरणाऱ्यांना पत्र लिहिलं. पत्र लांबलचक होतं. त्यात चपळाईचं तत्त्वज्ञान होतं, भाषावाल्यांच्या हट्टाचा उल्लेख होता, आणि अगदी शेवटी, सहज म्हणून लिहावं तसं, आपली सिस्टम कधीकधी लवकर उठवते अशी कबुली होती. पाठवून तो हाताची घडी घालून बसला. “आता बघ काय गहजब होतो.”

चहा होईपर्यंत पहिलं उत्तर आलं. कुठल्याशा दूरच्या गावी लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई होती. लिफ्टचे दरवाजे तपासायला ती मुंगी वापरायची. तिने लिहिलं होतं, “ते माहीत आहे. मी पहिल्यापासून एक टोला जास्तीचा मिळवूनच वापरते. लवकर उठवणाऱ्या घड्याळावर दरवाजे कसे सोडणार?”

दुसरं एका ग्रंथपालाचं. “आम्हीही एक मिळवतो. सगळेच मिळवतात असं वाटत होतं.”

तिसऱ्याने लिहिलं होतं, “नवीन माणूस आला की आम्ही त्याला तेवढं सांगून ठेवतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुमच्यापर्यंत कोणी आणलं नाही.”

सरकारने ते तिसरं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ताई खिडकीतून बाहेर बघत बसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर होती, पण तिने ती मन लावून बघितली.

तो उठून दवाखान्यात गेला. दुपारचे पेशंट सुरू झाले होते. खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून आडवे पडले होते आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या दाढेत काहीतरी भरत होती.

“मी फार चिडका आहे का गं?” त्याने दारातूनच विचारलं.

डॉक्टरीणबाईने मान वर केली नाही. “कोण म्हणालं?”

“कोणीच नाही. तोच तर प्रश्न आहे. माझ्या सिस्टममधली चूक सगळ्या जगाला माहीत होती आणि मला कोणी सांगितली नाही.”

“आ ऽ ऽ,” खुर्चीतले गृहस्थ म्हणाले.

“बोलू नका,” डॉक्टरीणबाईने त्यांना सांगितलं. मग नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही चिडत नाही हो. तुम्ही रुसता. चिडणाऱ्याला माणूस तोंडावर सांगतो. रुसणाऱ्याला सांगायला जीव होत नाही.”

तो तिथेच उभा राहिला. इतक्या लोकांनी आपल्याला सांभाळून घेतलं, याचा राग यावा की बरं वाटावं, हे त्याला ठरवता येईना. लिफ्टवाल्या बाईंना त्याने कधी बघितलंही नव्हतं. त्या इतकी वर्षं एक-एक मिळवत होत्या आणि त्याच्या दर वाढदिवसाला मुंगी किती छान चालते असं कळवत होत्या.

परत येऊन तो मुकाट्याने कीबोर्डपुढे बसला. काढून टाकलेला एक टोला त्याने परत घातला. मग ताईने सगळ्या टेस्ट गर्दीत, एकट्या, उलट्या क्रमाने, जमेल तशा चालवल्या. सगळं हिरवं.

“आता म्हण,” तो म्हणाला.

“काय म्हणू?”

“जे म्हणायचंय ते. अंगण वाकडं होतं वगैरे.”

“थोडं वाकडं होतं,” ताई म्हणाली. “थोडं मला नाचता येत नव्हतं.” आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. जरा जोरातच बसला तो.

सोमवारी ऑफिसात भिंतीवर उजवीकडचा रकाना हिरवागार होता. प्रमुखांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि स्क्रीन बिघडलाय का असं विचारलं. मुंगीचं नाव यादीत राहिलं.

पण गोष्ट तिथे मिटली असं समजायचं कारण नाही. नवी मुंगी वापरायला लागलेल्या एका निवृत्त संगीतशिक्षकांची तक्रार आली. त्यांनी मुंगीवर, ताईच्याच भाषेत, ताल धरणारा प्रोग्राम केला होता. थोडं थांब, एक ठोका दे, पुन्हा थांब. आधी तो बिनचूक चालायचा, आता प्रत्येक ठोक्यामागे एक टोला जास्त जात होता आणि शिष्य म्हणत होते की गुरुजी पेंगतायत. सरकार रुसला नाही. दोन दिवस विचार करून त्याने शिक्षकांना लिहिलं, “किती वेळ थांबायचं ते सांगू नका. किती वाजता उठवायचं ते सांगा. म्हणजे मागचा उशीर पुढे साठत नाही.” मुंगीला तसं उठवता येत होतं. ताईच्या भाषेत मात्र तसं सांगायची सोयच नव्हती.

त्याने ताईला फोन केला. “तुमच्या भाषेला गजर लावता येत नाही, माहीत आहे का?”

ताईने माहीत करून घेतलं. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ती सोय करून द्यायला तिला पुढची अख्खी आवृत्ती खर्ची घालावी लागली.

एव्हाना सरकारला टेस्ट चालवायची चटक लागली होती. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी तो पाहुण्याच्या नावाने आत शिरायचा, भाषेच्या सगळ्या टेस्ट चालवायचा आणि काय काय खटकलं ते ऑफिसला कळवायचा. इथे स्वल्पविराम चुकला, तिथे संदेश उद्धट वाटतो, अमुक टेस्टचं नाव एक सांगतं आणि ती तपासते भलतंच. बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं, आणि त्याचाच सगळ्यांना ताप व्हायचा.

शेवटी प्रमुख एकदा ताईच्या टेबलाशी येऊन घुटमळले. “तुमच्या भावाला जरा सांगाल का? थोडं कमी पाठवा म्हणून?”

“तुम्हीच सांगा की,” ताई म्हणाली.

प्रमुखांनी जरा विचार केला. “नको,” ते म्हणाले. “वाईट वाटायचं त्यांना.”